दादाभाऊंचा वूफर

दादाभाऊ भित्रे आहेत हे पारगावपासून मंचरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते स्वतःही कधी नाकारत नाहीत. विहिरीच्या कठड्याला ते टेकत नाहीत. एसटीत दाराजवळच्या सीटवर बसत नाहीत. लग्नाला गेले तर आधी मांडवाचा खांब हलवून बघतात, मग पंगतीत पान घेतात. मी त्यांची भरपूर चेष्टा केलेली आहे. माझं मंचरला टीव्ही आणि साउंडचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकाची दोन घटका थट्टा केल्याशिवाय माल विकल्यासारखं मला वाटत नाही. ही सवय आता सुटली म्हणायला हरकत नाही.

या भित्रेपणावरच त्यांनी एकतीस सीझन साखर कारखान्यात नोकरी केली. मिल हाउसला होते. उसाचे रोलर फिरत असायचे आणि दादाभाऊ तळहात टेकवत एकेका बेअरिंगपाशी जायचे, डोळे मिटून उभे राहायचे. एका सीझनला ऐन गर्दीत, बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, त्यांनी मिल बंद करायला लावली. कारण विचारलं तर म्हणाले, "मला भ्या वाटतंय." साहेबांनी नको नको ते ऐकवलं. मग उघडून बघितलं, तर बेअरिंगला हातभर चीर गेलेली. तेव्हापासून त्यांना भीती वाटली की मिल थांबवायची, असा तिथला अलिखित नियमच झाला.

कानात घालायला बोळे मिळायचे. दादाभाऊंनी ते कधी घातले नाहीत, कारण बोळे घातले की यंत्राचं काही कळत नाही असं त्यांचं म्हणणं. निवृत्त झाले तोवर कान गेले. सगळेच गेले असं नाही. जाड आवाज त्यांना ऐकू येतो: ट्रॅक्टर, ढोल, जुन्या डिझेल गाडीची घरघर. बारीक आवाज पार गेला. कुकरची शिट्टी, फोनची रिंग, बायकोची हाक आणि नातीचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नाही. नात बोलायला लागली की ते तिच्या ओठांकडे बघत राहतात.

गेल्या नोव्हेंबरात ते एका सकाळी माझ्या दुकानात आले. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, आणि चेहरा उतरलेला.

"गोरखशेठ, एक वूफर दाखवा. लई धडधडणारा."

"काय आबा, या वयात डीजे काढताय?" मी मोठ्यानं विचारलं.

त्यांना चेष्टा कळली नाही की कळूनही त्यांनी सोडून दिली, सांगता येत नाही. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "बिबट्या आलाता."

आमच्या भागात हे वाक्य ऐकून कुणी उडी मारत नाही. ऊस आहे तिथं बिबट्या आहे. पण दादाभाऊ मफलर काढून मांडीवर पिळत बसले. चार दिवसांपूर्वी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला ते ओसरीवर टीव्हीच्या बातम्या बघत बसले होते. पंधरा पावलांवर गोठ्यापाशी त्यांचा कुत्रा बांधलेला. बायको अंजनाबाई डेअरीला दूध घालायला गेलेल्या. त्या परत आल्या तेव्हा नुसती साखळी आणि पट्टा पडलेला, आणि मातीत उसाकडे फरफटत गेल्याची खूण.

"ती मला म्हनली, तुमाला ऐकू न्हाई आलं? केकाटलं आसंल की वो ते. जीव तोडून केकाटलं आसंल. आन मी हितं बातम्या बघतोय." त्यांनी मफलरनं तोंड पुसलं. "आरोही याच टायमाला येती साळंतून."

आरोही त्यांची नात, चौथीत. मुलगा समर्थ चाकणला कंपनीत, सून सोनल मंचरला एका लॅबमध्ये. दोघंही घरी यायला साडेसात वाजतात. आरोहीला शाळेची गाडी पावणेसहाला डांबरी रोडला सोडते. तिथून घरापर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस आणि मधून तीनशे पावलांची पायवाट.

"मी आनाया जातो तिला," दादाभाऊ म्हणाले. "पन माझ्या मागून काय आलं तर मला कळनारच न्हाई. मी आसून नसून सारखाच."

आमच्याकडे वस्त्यांवर लोक संध्याकाळी गोठ्यात रेडिओ लावून ठेवतात, वाटेनं जाताना मोबाइलवर गाणी वाजवत जातात. आवाज असला की बिबट्या लांब राहतो अशी समजूत. दादाभाऊंनी त्याच्या पुढचा विचार केला होता. रेडिओचा बारीक आवाज उसात विरतो, पण ढोलाचा ठोका लांबपर्यंत जातो हे त्यांना स्वतःच्या कानांवरून माहीत होतं. म्हणून वूफर. समर्थनं पैसेही दिले होते.

मी दोन डबे मांडले. एक स्वस्तातला, बारा इंची, पुढं निळे-लाल लाइट, मागं हवेचं भोक, खोक्यावर वॉटचा असा आकडा छापलेला की त्यात अख्खी वस्ती उजळावी. दुसरा भारीतला, दहा इंची, सगळीकडून बंद, काळाकुट्ट, उचलताना कंबर धरेल इतका जड आणि किमतीला चौपट. दोन्हींवर एकच ढोल-ताशा लावला. स्वस्ताच्या डब्यानं शोकेसच्या काचा हलवल्या. भारीवाला त्यामानानं गप्प वाटला.

दादाभाऊ उठले. आधी एका डब्यावर तळहात ठेवला, मग दुसऱ्यावर, डोळे मिटून, बराच वेळ. दुकानातली दोन गिऱ्हाइकं बघायला लागली.

"ह्यो थांबतोय," भारीच्या डब्यावर हात ठेवून ते म्हणाले. "ठोका पडला की थांबतोय. मधी मोकळं ऱ्हातंय. त्यो दुसरा थांबत न्हाई. ठोका सपला तरी गुरगुरत ऱ्हातोय."

माणसानं नुसत्या हातानं बरोबर ओळखलं होतं. कंपनीची पोरं हेच सांगायला अर्धा तास घेतात.

"मग बिघडलं कुठं, आबा?"

"मधी कोन बोललं तर ऐकू कसं येनार?"

आणि मी म्हणालो, "आबा, तुम्हाला तसंही कुठं ऐकू येतं?"

दुकान हसलं. दादाभाऊही ओशाळून हसले. मी ताबडतोब पुढं रेटलं की बिबट्याला कुठं दर्जा कळतो, त्याला दणका पाहिजे, आणि दणका यात आहे. खरं सांगायचं तर स्वस्तातले ते डबे दिवाळीपासून माझ्या अंगावर पडून होते. भारीचा काय, कुणीतरी पुण्याचा बंगलेवाला घेऊन गेला असता. दादाभाऊंनी एकदा भारीच्या डब्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. "तुमी यातलं जानता," म्हणाले, आणि स्वस्ताचा घेतला.

मी स्वतः जाऊन बसवून दिला. ओसरीच्या टोकाला, तोंड उसाकडं. आरोही शेजारी उभी राहून दिवे बघत होती. दुसऱ्या दिवसापासून सव्वापाचला ढोल सुरू, सात वाजता बंद. पण दादाभाऊंचा एक नेम होता. पावणेसहाला ते डबा पूर्ण बंद करायचे, ओसरीच्या पायरीवर उभे राहायचे, आणि शाळेच्या गाडीची ती जुनी घरघर कानावर आली की नातीला आणायला चालायला लागायचे. ती घरी आली की डबा पुन्हा सुरू.

आठवडाभर बिबट्याचा माग दिसला नाही. मग शेजारची वस्ती आली वूफर घ्यायला, तिच्यानंतर पलीकडची, तिच्यानंतर ओढ्याकडची. चारही डबे स्वस्तातलेच, आणि चारही माझ्याच दुकानातले. संध्याकाळी त्या मळ्यात मिरवणूक निघाल्यासारखं वाजायचं. लोक दादाभाऊंचं कौतुक करायचे, आणि मी प्रत्येकाला सांगायचो की आयडिया त्यांची, माल आपला.

तीन आठवड्यांनी अंजनाबाईंचा फोन आला. "डबा बंद केला तरी हूं हूं करतुया. ह्यास्नी गाडीची घरघर कळंना झालीया. जरा येऊन बघा."

अर्थिंगचा दोष असणार आणि डब्याच्या आतल्या स्वस्त सामानाचाही. गाणं थांबवलं तरी हूं थांबेना. दादाभाऊंच्या कानाला जेवढं म्हणून ऐकू यायचं, नेमक्या तेवढ्याच जागेत ते हूं बसलं होतं. सॉकेटला बटण नव्हतं; पिन काढली की झालं, हे मी फोनवरच सांगितलं. पण म्हातारा पिनेला हात लावायला घाबरत होता, आणि पिन अंजनाबाईच काढायच्या, तीही डेअरीला जायच्या आधी. त्या लवकर गेल्या की दादाभाऊ अंदाजानंच पायवाटेनं निघायचे.

मी शुक्रवारी गेलो. गाडी रोडलाच लावली, कारण पायवाटेच्या एका बाजूचा ऊस त्याच आठवड्यात तुटला होता आणि ट्रॉल्यांनी वाटेचा चिखल केला होता. पोचलो तेव्हा साडेपाच होत आलेले. अंजनाबाई किटली घेऊन निघाल्याच होत्या. मी डबा उलटा करून मागची बाजू उघडली, वायर बदलली, ढोल लावून बघितला. हूं होतंच. पुन्हा उघडलं. चारही बाजूंनी चार डबे वाजत होते आणि मी पाचव्यांदा स्क्रू पिळत होतो. माझं डोकं फिरलं होतं.

दादाभाऊंनी माझ्या खांद्याला हात लावला. "गाडीची येळ झाली. बंद करा."

"पाच मिनिटं, आबा. आता सापडतंय."

थोड्या वेळानं पुन्हा आले. "बंद करा, गोरखशेठ. मला निघायचंय."

"अहो, बिबट्या घाबरून पार जुन्नरला गेला असेल. थांबा की जरा, ही वायर धरा."

त्यांनी वायर धरली. हात थरथरत होता, त्यामुळं मला ती नीट जोडता येईना, आणि मी वैतागून त्यांना म्हणालो, "किती घाबरता हो!" त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि त्यांना कळलं.

पुढचं मला आजही सरळ सांगता येत नाही. दादाभाऊंनी दुसरा हात डब्यावर टेकवला होता. ते डोळे मिटून उभे राहिले, मिलमध्ये असेच उभे राहत असावेत, आणि एकदम म्हणाले, "मला भ्या वाटतंय." मी काही बोलायच्या आत त्यांनी वायर सोडली आणि भिंतीतली पिन ओढून काढली. पिनेला कधी हात न लावणाऱ्या माणसानं ती सॉकेटसकट उपटली.

आमचा ढोल थांबला. बाकीचे तीन लांब वाजत होते. आणि पायवाटेकडून एक आवाज आला. मला शब्द कळले नाहीत. बसलेला, फाटलेला आवाज होता तो, ओरडून ओरडून घसा गेल्यावर उरतो तसा. तो आवाज आत्ता सुरू झालेला नव्हता. तो कितीतरी वेळ येत होता.

दादाभाऊंना काहीच ऐकू आलं नाही. ते माझ्या चेहऱ्याकडं बघत होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मी पायवाटेकडं हात केला. ते अनवाणीच निघाले. मी मागं राहिलो. किती वेळ राहिलो कोण जाणे, पण राहिलो, हे खरं आहे. मग हातात स्क्रू ड्रायव्हर धरून मी त्यांच्या मागं पळालो. त्यानं मी काय करणार होतो, देव जाणे.

वळणावर आरोही वाटेच्या मधोमध उभी होती. दप्तर दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलेलं. वाकायचं नाही, पळायचं नाही, मोठं दिसायचं आणि ओरडत राहायचं, हे वनखात्याच्या माणसांनी शाळेत येऊन शिकवलेलं ती जसंच्या तसं करत होती. तिचे हात भरून आले होते, दप्तर हलत होतं. तिच्यापासून दहा-बारा पावलांवर बांधावर बिबट्याची मादी बसली होती. बसली होती म्हणजे पुढचे पाय आवळून, मान खाली घालून, शेपटीचं टोक हलवत. तिच्या मागं तुटलेल्या उसाच्या पाचटात काहीतरी हालत होतं. पिल्लं होती.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एका बाजूचा ऊस तुटलेला, आणि उरलेल्या उसाला चार वस्त्यांवरून चार डब्यांनी घेरलेलं. त्या अख्ख्या मळ्यात जिथं कमी आवाज होता अशी एकच जागा उरली होती, सगळ्यांच्या मधली ही पायवाट. आम्ही त्या मादीला हाकलून हाकलून आरोहीच्या वाटेवर आणून बसवलं होतं.

दादाभाऊ थांबले नाहीत. मला मागून त्यांची मान कापताना दिसत होती. कान गेलेली माणसं मोठ्यानं बोलतात. मिलच्या घरघरीवरून ऐकू जावं अशा आवाजात ते बोलायला लागले, "आरोही, हितंच थांब. आबा आला. हलू नकोस. आबा आला." बोलत बोलत, एकेक पाऊल टाकत ते बांधाच्या बाजूनं गेले आणि तिच्या आणि मादीच्या मध्ये उभे राहिले. मादी फिस्कारली. मला ऐकू आलं, त्यांना आलं नसणार. ती उठली, आमच्याकडं एकदा बघितलं, आणि ओढ्याच्या अंगाला उतरली. दोन पिल्लं तिच्या मागं गेली.

दादाभाऊ वाटेतच चिखलात खाली बसले. पायजमा पुढून ओला झाला होता. मी दुसरीकडं बघितलं. आरोहीनं दप्तर खाली ठेवलं आणि त्यांच्या गळ्यात पडली, आणि ते तिच्या पाठीवरून तळहात फिरवत राहिले.

अंजनाबाई आल्या तेव्हा आम्ही तिघं ओसरीवर बसलो होतो. त्यांनी सगळं ऐकलं, पोरीला कुशीत घेतलं, आणि मग दादाभाऊंनी मला विचारलं, "किती येळ वरडत व्हती?"

"एकदाच," मी म्हणालो. "पिन काढली तेव्हाच." ते माझ्या ओठांकडं बघत होते. त्यांनी मान हलवली. पटलं का ते माहीत नाही.

चारही वस्त्यांचे डबे मी परत आणले. भारीचा डबा फुकट बसवून देतो म्हणालो, तर दादाभाऊ म्हणाले, "आता कसलाच नगं." आता ते रोज पाच वाजता प्लास्टिकची खुर्ची घेऊन डांबरी रोडला जाऊन बसतात. सोबत कोणीतरी चांगल्या कानाचं माणूस लागतं म्हणून वस्तीनं पाळ्या लावल्या आहेत. शुक्रवारची पाळी मी मागून घेतली. मंचरहून जातो. दुकानात कुणी बेस वाजवून बघायला लागलं की दर मिनिटाला माझा हात बटणाकडं जातो, बंद करतो आणि कान देतो. गिऱ्हाइकं वैतागतात.

एक गोष्ट मात्र मी त्या घरात कुणाला सांगितलेली नाही. त्या संध्याकाळी मी निघालो तेव्हा आरोही मला सोडायला पायरीपर्यंत आली. घसा पार बसला होता, मला खाली वाकावं लागलं. मी तिला म्हणालो, "आबांना ऐकू येत नाही ना बाळा, म्हणून त्यांना कळलं नाही. त्यांच्यावर रागावू नकोस हं."

"मला माहितीय आबांना ऐकू येत नाही," ती म्हणाली. "रोडला तुमची गाडी होती. मी तुम्हालाच हाका मारत होते, काका."